मागावरचं गणित आणि वहीतलं गणित

(राष्ट्रीय गणित दिनाच्या निमित्ताने सोलापुरात शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांसमोर बी.एस्सी. गणिताच्या एका विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेले सर आणि बाई, पालक, आणि मागच्या रांगांत दाटीवाटीने बसलेली शाळेतली मुलंमुली, सगळ्यांना नमस्कार.

22 डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस. 2012 पासून आपण तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा करतो. या दिवशी रामानुजन यांच्या बुद्धीविषयी भरपूर बोललं जातं आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज शाळेतल्या गणिताविषयी बोलायचं आहे. ते मी शिकले, अजून शिकते आहे, आणि त्यात नेमकं काय घडतं याचा मला मनापासून विचार करावासा वाटतो. मी शिक्षिका नाही, संशोधक नाही. पण बाकाच्या या बाजूला बसून जे दिसतं ते फळ्याच्या बाजूने नेहमी दिसत नाही, म्हणून आयोजकांनी बोलावल्यावर लगेच हो म्हटलं.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात आहे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड असं सगळंच, आणि शाळा मराठी माध्यमाची. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. तुमच्यापैकी निम्म्या मुलांच्या घरी याहून वेगळं चित्र नसेल. अशा घरात हिशोब दिवसभर चालू असतो. विडीची मजुरी हजारावर मिळते. आकडे सोपे जावेत म्हणून आपण हजाराला 200 रुपये धरू. समजा आज साडेसातशे विड्या झाल्या आणि कारखान्यात त्यातल्या पन्नास छाटात गेल्या, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढल्या. उरल्या सातशे. आई काय करते बघा. ती विड्या मोजतच नाही, जुड्या मोजते. पंचवीसची एक जुडी, सातशेच्या अठ्ठावीस जुड्या. हजाराच्या चाळीस जुड्या होतात, त्याला 200, म्हणजे जुडीला 5 रुपये. अठ्ठावीस जुड्यांचे 140. हे सगळं पाटी डोक्यावरून खाली ठेवायच्या आत झालेलं असतं. कारकुनाने 135 म्हटलं तर ती जागची हलत नाही.

आता यात गुणोत्तर आहे, प्रमाण आहे, सहावी-सातवीच्या पुस्तकातली एकमान पद्धत आहे. पण माझ्या आईला विचारा, ती सांगेल, ‘मला गणित येत नाही गं.’ हे ती लाजून म्हणत नाही, खरंच तसं मानून म्हणते. तिच्या लेखी गणित म्हणजे वहीत असतं ते. मला आज बोलायचं आहे ते या दोन गणितांच्या मधल्या जागेबद्दल.

ही जागा फक्त सोलापुरात नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळं, मक्याची कणसं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. तो 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं होती पाचच, वय 9 ते 15. संशोधक गिऱ्हाईक बनून गेले. एक नारळ 35 ला, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने दहाने गुणायला शून्य लावलं नाही. तो म्हणाला, तीनचे 105, आणखी तीनचे 210, अजून चार हवेत, 315, मग 350. विक्रीच्या अशा प्रश्नांत या मुलांची 98 टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तेवढ्याच अवघडपणाची गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा बरोबर उत्तरं साधारण 37 टक्क्यांवर आली.

पाच मुलांवरून काय सिद्ध होतं, असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरा अभ्यास सांगते, आपल्याच देशातला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांना तपासलं. ‘नेचर’ या नियतकालिकात 2025 मध्ये तो निबंध आला. निष्कर्ष जवळपास तोच: बाजारात ही मुलं अवघड हिशोब सहज करतात आणि शाळेच्या पद्धतीने मांडलेलं साधं गणित सोडवू शकत नाहीत. मला त्यातला पुढचा भाग जास्त अस्वस्थ करतो. जवळच्या शाळांतली, कधी काही न विकलेली 471 मुलंही त्यांनी घेतली. त्यांचं नेमकं उलटं निघालं. त्यांना वहीतलं जमायचं, बाजारातलं जमायचं नाही.

म्हणजे तुटलेपण दोन्ही बाजूंनी आहे. आणि म्हणून मला वाटतं की ‘मुलांना व्यवहारातली उदाहरणं द्या म्हणजे गणित येईल’ हे म्हणणं अपुरं आहे, आणि ‘भरपूर सराव करून घ्या, पुढे व्यवहारात आपोआप उपयोगी पडेल’ हेही तितकंच अपुरं आहे. मागावर धागा तुटला तर तो आपोआप सांधला जातो का? माग थांबवावा लागतो, दोन्ही टोकं शोधावी लागतात आणि बोटांनी गाठ मारावी लागते. गणितात हे गाठ मारण्याचं काम कुणीतरी मुद्दाम, वेळ देऊन केल्याशिवाय होत नाही. माझ्या बाबतीत ते आठवीत आणि नववीत झालं, एका बाईंमुळे. ते कसं झालं ते जरा सविस्तर सांगते.

काम आणि काळाची गणितं तुम्हाला माहीत आहेत. एक माणूस एक काम 20 दिवसांत करतो, दुसरा तेच काम 30 दिवसांत करतो, दोघं मिळून किती दिवसांत करतील? उत्तर 12. एक छेद वीस अधिक एक छेद तीस, लसावि साठ, पाच छेद साठ, उलटं करा, बारा. आम्ही सगळ्यांनी हे पाठ केलं होतं. उलटं का करायचं हे कुणी विचारत नव्हतं. विचारलं तर उत्तर यायचं, ‘त्या प्रकारच्या गणितात शेवटी उलटं करतात.’

आमच्या बाईंना ठाऊक होतं की वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील सुताच्या धंद्यात आहेत. त्यांनी एक दिवस विचारलं, सुताचा काउंट म्हणजे काय ते घरी विचारून या. वीसचं सूत, तीसचं सूत, चाळीसचं सूत हे शब्द आम्ही जन्मापासून ऐकत होतो. चाळीसचं बारीक आणि दहाचं जाडं, एवढं कुणीही सांगेल. पण आकडा मोठा आणि सूत बारीक, हे असं उलटं का?

दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धवट उत्तरं आली, ती बाईंनी जोडली. एक लडी म्हणजे 840 यार्ड सूत. अशा किती लड्या मिळून एक पौंड वजन होतं, तो आकडा म्हणजे काउंट. वीसच्या सुताच्या वीस लड्यांचं वजन एक पौंड. चाळीसचं सूत निम्म्या वजनाचं, म्हणून एका पौंडात चाळीस लड्या बसतात. वजन ठरलेलं असेल तर लांबी काउंटबरोबर वाढते. लांबी ठरलेली असेल तर काउंट वाढला की वजन कमी होतं. एकाच सुतात समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण दोन्ही बसलेली. पुस्तकात त्या दोन गोष्टी दोन वेगळ्या उदाहरणसंग्रहांत होत्या.

मग बाईंनी खरा प्रश्न टाकला. वीसचा एक धागा आणि तीसचा एक धागा एकत्र पिळून डबल सूत केलं, तर त्याचा काउंट किती? वर्गातून आवाज आले, पन्नास! मग कुणीतरी म्हणालं, पंचवीस, मधला. पण वीसच्या धाग्याला आणखी एक धागा जोडला तर तो वीसहून जाडाच होणार, म्हणजे काउंट वीसच्या खाली यायला हवा. पन्नासही नाही, पंचवीसही नाही. हे फळ्यावरच्या नियमावरून नाही, सुतावरून कळत होतं, आणि ज्यांच्या घरी माग होता ती मुलं सगळ्यात आधी गप्प झाली.

मी घरी जाऊन वडिलांना विचारलं. ते मागाशी होते, मान वर न करता म्हणाले, ‘बारा पडतं.’ कसं, विचारलं तर म्हणाले, ‘पडतं ते.’ वर्षानुवर्षं हात लावून आलेलं ज्ञान होतं ते. मग मी त्यांच्यासमोर बसून मांडलं. दोन्ही धाग्यांच्या साठ-साठ लड्या घेऊ, कारण साठला वीसनेही भाग जातो आणि तीसनेही. वीसच्या साठ लड्यांचं वजन 3 पौंड. तीसच्या साठ लड्यांचं 2 पौंड. एकत्र पिळल्यावर लांबी साठ लड्याच राहिली, पिळात थोडी घटते ती सोडून देऊ, आणि वजन झालं 5 पौंड. पाच पौंडात साठ लड्या, तर एका पौंडात बारा. वडिलांनी माग बंद केला. मला म्हणाले, ‘वीस आणि चाळीसचं कर बघू.’ चाळीस लड्या घेतल्या. दोन पौंड आणि एक पौंड, तीन पौंडात चाळीस, एका पौंडात सव्वातेराच्या जरा वर. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या हाताला माहीत असलेलं उत्तर आणि माझ्या वहीतलं उत्तर एकच आलं.

त्या संध्याकाळी मला काय काय मिळालं ते सांगते. लसावि कशासाठी काढायचा ते कळलं: दोन्ही धाग्यांना पुरेल अशी एक लांबी हवी म्हणून. शेवटी उलटं का करायचं ते कळलं: आपण वजनं मिळवत असतो आणि विचारलेलं असतं लड्यांचं. आणि दिवस आणि माणसांचं ते गणित हेच गणित आहे, हेही कळलं. वीस, तीस, बारा. आकडेसुद्धा तेच. आणि एक गोष्ट वडिलांनाही मिळाली असं मला वाटतं, कारण त्या दिवसानंतर ते मला एखादी अनोळखी जोडी विचारायचे, आणि ‘कसं आलं ते सांग’ असंही म्हणायचे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. मी वहीतल्या गणिताविरुद्ध बोलत नाही. पुष्कळ लोक असं बोलतात की अडाणी माणसाचं गणित खरं आणि शाळेतलं पुस्तकी. मला ते पटत नाही. वडिलांचं ‘बारा पडतं’ हे फक्त वीस-तीसपुरतं होतं. साठ लड्यांची युक्ती कुठल्याही जोडीला चालते, तीन धाग्यांना चालते, नळ आणि टाक्यांना चालते, आणि आता बी.एस्सी.ला आल्यावर समांतर जोडणीतल्या विद्युत रोधांनाही चालते. ही वहीची ताकद आहे. मागावरच्या मुलांना ती मिळालीच पाहिजे, मागावरचीच मुलं आहेत म्हणून त्यांना फक्त मागाची गणितं देणं हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

आता बीजगणिताकडे येऊ. इथे घरचा काहीच आधार नाही, असं सगळ्यांना वाटतं. ‘ए प्लस बी द होल स्क्वेअर’ आमच्या वर्गात गाण्याच्या चालीवर पाठ होतं. ए स्क्वेअर प्लस टू ए बी प्लस बी स्क्वेअर. त्यातलं ‘टू ए बी’ कुठून येतं?

चौकडीचं कापड डोळ्यांसमोर आणा. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, तीन इंच निळं सूत, मग दोन इंच पांढरं. बाण्यातही, म्हणजे आडव्या धाग्यांतही, तसंच, तीन इंच निळं आणि दोन इंच पांढरं. साध्या विणीचं पाच इंच बाय पाच इंचाचं तुकडं विणलं. काय दिसेल? जिथे निळ्या ताण्यावर निळा बाणा आला तिथे गडद निळा चौकोन, तीन बाय तीन, नऊ चौरस इंच. जिथे पांढऱ्यावर पांढरा आला तिथे पांढराशुभ्र चौकोन, दोन बाय दोन, चार चौरस इंच. आणि जिथे निळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर निळा आला, तिथे फिकट निळे दोन आयत. प्रत्येकी सहा चौरस इंच. नऊ, चार, सहा आणि सहा. बरोबर पंचवीस. ‘टू ए बी’ म्हणजे ते दोन फिकट आयत. पाच बाय पाचच्या वर्गाला नुसते नऊ आणि चार पुरत नाहीत, हे असं कापड हातात घेतलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. नववीत आमच्या वर्गात एका मुलाने असा तुकडा घरून आणला होता. तो हातोहात फिरला, आणि मला आठवतं, एक मैत्रीण बोटाने ते फिकट आयत मोजत होती. तिला ते सूत्र दहावीपर्यंत कधी विसरायला झालं नाही.

मग वजाबाकीचं सूत्र. आणि त्याबरोबर शाळेच्या गणितातला माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न: ऋण गुणिले ऋण धन का? ‘मायनस मायनस प्लस’ हे तर सगळ्यांच्या ओठांवर असतं. याचं कारण मागितलं की मित्राचा शत्रू आणि शत्रूचा शत्रू असं काहीतरी ऐकायला मिळतं. ते लक्षात ठेवायला ठीक आहे, पण ते कारण नाही.

परत कापडाकडे या. पाच बाय पाचचा तुकडा आहे, त्यातून मला तीन बाय तीनचा हवा आहे. उजवीकडची दोन इंचाची पट्टी कापली, पाच बाय दोन, दहा चौरस इंच. खालची दोन इंचाची पट्टीही वजा केली, पाच बाय दोन, आणखी दहा. पंचवीसमधून दहा आणि दहा गेले, उरले पाच. पण हातातला तुकडा तीन बाय तीनचा, नऊ चौरस इंच! चार कुठे गेले? उजव्या खालच्या कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन दोन्ही पट्ट्यांत होता. हिशोबात तो दोनदा कापला गेला. म्हणून तो एकदा परत मिळवायला हवा. पंचवीस वजा दहा वजा दहा अधिक चार, नऊ.

आता हेच वहीत पाच वजा दोनचा कंस आणि पुन्हा पाच वजा दोनचा कंस असा गुणाकार म्हणून मांडा. पाच पाचे पंचवीस. पाच गुणिले ऋण दोन, ऋण दहा. ऋण दोन गुणिले पाच, पुन्हा ऋण दहा. आणि राहिलं ऋण दोन गुणिले ऋण दोन. ते अधिक चार आलं तरच उत्तर नऊ येतं, उणे चार धरलं तर एक येतं. कापड एक चौरस इंचाचं नाही, नऊचंच आहे. कोपऱ्यातला तो दोनदा कापलेला चौकोन म्हणजे ऋण गुणिले ऋण.

कापड इथपर्यंत आणून सोडतं, हेही सांगते. नुसतं ऋण तीन गुणिले ऋण चार, कसलाच तुकडा नाही, कसलीच पट्टी नाही, तेव्हा काय? तेव्हा आधार एवढाच की कंसाचा जो नियम धन संख्यांना चालतो तो सगळ्या संख्यांना चालला पाहिजे असं आपण ठरवतो, आणि ते ठरवलं की उत्तर अधिक बाराच येतं, दुसरं येऊच शकत नाही. ही उडी आहे. ती मुलांना सांगून, दाखवून मारायला लावली तर मुलं मारतात. ब्रह्मगुप्ताने इसवी सन 628 मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त हा नियम लिहून ठेवला आहे. आणि त्यानंतर अकराशेहून अधिक वर्षांनी, 1758 मध्ये, इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेस ऋण चिन्हाविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहीत होता. ऋण उत्तरं बीजगणितात नकोतच, असं त्याचं म्हणणं. मोठमोठ्या विद्वानांना जी गोष्ट गिळायला शतकं लागली, ती आपण सातवीच्या मुलीला एका तासात गिळायला सांगतो आणि ती अडखळली की म्हणतो, हिचं गणित कच्चं आहे. ते कच्चेपण नाही. तिने योग्य जागी शंका घेतली आहे.

भाषेविषयी थोडंसं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशाही वाचायला दिल्या, तेव्हा राज्यभर किती वाद झाला ते मोठ्यांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. टीव्हीवर, विधानसभेत, सगळीकडे त्याची चेष्टा झाली. आमच्या भागातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यांनी वेगळं सांगितलं असतं. तेलुगूत आणि कन्नडमध्ये दशक आधी आणि एकक नंतर बोलतात. घरी तशी सवय झालेलं पोर शाळेत बाईंनी ‘बासष्ट’ म्हटलं की दोन आधी लिहितं, कारण दोन आधी ऐकू येतो. मला स्वतःला बासष्ट, त्रेसष्ट आवडतात, ते जाऊ नयेत. पण पहिली दोन वर्षं दोन्ही बोलू दिलं तर बिघडलं काय? आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी मुलांच्या घरच्या भाषेत पुस्तकं नेली. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. मग सोलापूर शहरातल्या वर्गांत घरची भाषा दाराबाहेर ठेवायला का सांगतो?

आता वेळेचा प्रश्न, आणि इथे मला जरा कडक बोलावं लागेल. शिक्षक म्हणतील, पोर्शन कोण संपवणार? दहावीला बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि अंतर्गत 20, हे सगळ्यांच्या डोक्यावर असतं, मलाही मान्य आहे. मी दहावीत एका क्लासला जात होते. तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘का’ विचारायचं नाही, ‘कसं’ एवढंच विचारायचं. मार्क पडले, खोटं कशाला बोलू. पण त्या वर्षात माझ्या कितीतरी मैत्रिणींनी गणित कायमचं सोडलं. त्यातल्या काहीजणी हुशार होत्या, माझ्याहून हुशार होत्या, आणि त्यांना ‘का’ विचारायची सवय होती. ज्या न विचारता पुढे जाऊ शकत होत्या त्या टिकल्या. ही निवड उलटी आहे. आणि मुलींच्या बाबतीत ती आणखी उलटी होते, कारण घरून एकच वाक्य तयार असतं, ‘जमत नसेल तर आर्ट्‌सला जा, काय बिघडतं?’ पालकांना हात जोडून सांगते, आर्ट्‌सला आवडीने जाणं चांगलं, पण गणितातून हाकललं म्हणून जाणं वेगळं. ‘जमत नाही’ असं मुलगी म्हणाली तर आधी विचारा, कुठल्या ओळीपाशी अडलीस.

एका सुताच्या प्रश्नाला आमच्या बाईंनी दोन तास दिले होते. त्या दोन तासांत त्यांचे चार उदाहरणसंग्रह वाचले, कारण प्रमाण, व्यस्तप्रमाण, लसावि आणि काम-काळ हे सगळं त्यात आलं. म्हणून वेळ जात नाही, वाचतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिक्षकांकडे मागणं एवढंच: नवीन प्रकरण सुरू करताना विचारा, ‘असलं काही तुमच्या घरी कुणी करतं का? ते कसं करतात?’ घरची पद्धत फळ्याच्या एका बाजूला पूर्ण लिहा, जशी बोलली तशी. वहीची पद्धत दुसऱ्या बाजूला. मग एकेक ओळ जुळवा. इथली जुडी म्हणजे तिथला छेद, इथली साठ लडी म्हणजे तिथला लसावि. जिथे जुळत नाही तिथे थांबा आणि सांगा की इथून पुढे घरची पद्धत चालणार नाही, आणि का नाही. त्या ‘का नाही’ला पूर्ण तास गेला तरी जाऊ द्या.

माझं बोलणं संपलं, पण मुलांसाठी एक काम आहे. ताण्यात निळं, पांढरं आणि लाल असं तीन रंगांचं सूत, वेगवेगळ्या रुंदीचं. बाण्यातही तेच, त्याच क्रमाने. तुकड्यात एका रंगाचे शुद्ध चौकोन किती, मिसळलेले आयत किती, आणि मिसळलेल्या रंगांच्या छटा किती? आधी कापडावर मोजा, मग ‘अ अधिक ब अधिक क’चा वर्ग करून ताडून बघा. खडू इथे आहे. सर, मागच्या रांगेतून कुणाला तरी पुढे येऊ द्या.